कार्ड खिशात, नाव गायब: सुटून आल्यावर मतदानाची तयारी

7 मे 2024. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी साडेआठला रांगेत उभा होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात 2014 चं मतदार कार्ड, पाकिटात आधार. सात वर्षं आत काढून जानेवारीत सुटलो होतो. टेबलावरच्या मास्तरांनी यादीवरून बोट दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही यात." मागे अख्खी गल्ली उभी. कुणीतरी हळूच म्हणालं, "शिक्षा झालेल्याला मत नसतं, माहीत नाही होय याला?" माझाही त्या घटकेला तोच समज झाला. मान खाली घालून घरी आलो.

तो समज चुकीचा होता. मत मला होतं, नाव यादीत नव्हतं. सुटायच्या बेताला आलेल्या किंवा नुकत्याच सुटलेल्या माणसासाठी हे लिहितोय. त्याच्या घरच्यांनी वाचलं तर आणखी बरं, का ते पुढे येईलच.

कायद्याचं आधी उरकतो. माणूस तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेल तर मत देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 62(5). पक्का कैदी असो की कच्चा, दोघांनाही हेच लागू. जामीन परवडत नाही म्हणून आत बसलेल्या गरिबालाही मत नाही आणि जामिनावर फिरणाऱ्याला आहे, हे मला आजही पटत नाही, पण 1997 साली अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं. फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला सूट आहे, तो टपालाने मत देऊ शकतो. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की ही बंदी गेटच्या आतली आहे. गेटबाहेर पाय पडला की संपली. त्यासाठी अर्ज लागत नाही, कोर्टाचा कागद लागत नाही, काही वर्षं थांबावंही लागत नाही.

मग "सुटल्यावर सहा वर्षं मत नसतं" असं जे सारखं ऐकू येतं, ते कुठून आलं? ते निवडणूक लढवण्याचं आहे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर आणखी सहा वर्षं आमदारकी-खासदारकीला उभा राहू शकत नाही. उभं राहणं वेगळं, मत देणं वेगळं. आमच्या बॅरकीत निम्म्यांच्या डोक्यात या दोन गोष्टींची खिचडी होती. सहा वर्षं मतच जातं असा एक प्रकार आहे, पण तो निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांसाठी: मतदारांना पैसे वाटणं, दमदाटी करणं, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं, अशात शिक्षा झाली तर. तुमची केस तसली असेल तर वकिलाला विचारा, हे पुढचं तुमच्यासाठी नाही. खून, मारामारी, चोरी, चेक बाउन्स यातलं काही असेल तर वाचत राहा.

पुतण्याने मला अमेरिकेतली एक रील दाखवली होती, सुटलेल्या माणसाला तिथे मत नाही म्हणून. ते तिकडचं. तिथे राज्यागणिक कायदा बदलतो. फ्लोरिडात 2018 साली लोकांनी कौल देऊन सुटलेल्यांना मत परत दिलं, तर पुढच्याच वर्षी कोर्टाचे दंड आणि फी फेडल्याशिवाय नाही अशी मेख मारली. मेन आणि व्हर्माँटमध्ये तर कैदी आतूनच मत देतात. आपलं यातलं काहीच नाही, त्यामुळे रील बघून घरी बसू नका.

आता मुख्य गोष्ट. यादीत नाव बघा. कार्ड म्हणजे नाव नव्हे. कार्ड ओळखीसाठी असतं, मत यादीतल्या नावाला असतं. आधार आहे, पॅन आहे, रेशनकार्डात नाव आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, सगळं असेल, पण मतदार यादीत नाव नसेल तर तुम्ही त्या शाळेत फक्त सावलीला उभे आहात. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच बघा. मी चार महिने घालवले. आधी आईचं डोळ्याचं ऑपरेशन, मग कामाचा शोध, मग बँकेचं बंद पडलेलं खातं. यादी बघायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात, ती मला मिळाली नाहीत.

कशी बघायची? निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर कार्डाचा नंबर टाकायचा. काही आलं नाही तर नाव, वडिलांचं नाव आणि मतदारसंघ टाकून शोधायचं, दोन-तीन स्पेलिंगं करून. जमत नसेल तर 1950 ला फोन, नाहीतर सरळ तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे. गावात ती बहुतेक अंगणवाडीची ताई किंवा शाळेतले मास्तर असतात. नाव सापडलं तर यादी भाग आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या, फोटो काढा. "असेल की, कुठं जातंय" हे वाक्य तोंडातून आलं तर स्वतःच्याच थोबाडीत मारा. मी तेच म्हणालो होतो.

माझं नाव कसं गेलं ते नंतर कळलं. मी आत असताना यादीची तपासणी करायला बाई घरी आल्या. थोरल्या भावाने सांगितलं, "तो बाहेरगावी असतो, आता हितं राहत नाही." लाजेने सांगितलं. मुलीचं लग्न ठरत होतं, त्याला दोष देत नाही. बाईंनी ऐकलं ते लिहिलं. यादीत माझ्या नावापुढे 'एस' लागला, म्हणजे स्थलांतरित, आणि नाव कटलं. नोटीसही आली असणार, पण माझ्या नावाचं पाकीट म्हणजे कोर्टाचंच असणार म्हणून कुणी फोडलं नाही.

म्हणून घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, माणूस आत असतानाच. तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे भेटीला, जाल तेव्हा हा विषय काढा. बीएलओ आली तर सांगायचं, "त्याचं घर हेच आहे, सध्या इथे नाही, येणार आहे." तुरुंगात आहे असं सांगितलं तरी नाव काढता येत नाही. कैद्याचा नेहमीचा राहण्याचा पत्ता तुरुंग धरला जात नाही, असं 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे. शिवाय 2013 साली कलम 62(5) ला जोड दिली आहे की आत असल्यामुळे मत देता येत नसलं तरी तो माणूस मतदार राहतोच. कलमं पाठ करायची गरज नाही. "इथे राहत नाही" हे तीन शब्द घरातल्या कुणी बोलायचे नाहीत, एवढं पुरे. सख्खा भाऊ असो की शेजारची काकू.

घरोघर फॉर्म वाटून मोठी तपासणी होते तेव्हा तर डोळ्यात तेल घालून बसा. गोव्यात नोव्हेंबर 2025 पासून विशेष सखोल पुनरीक्षण झालं, त्याच्या आधी बिहारमध्ये झालं. घरात नसलेल्या माणसाचा फॉर्म भरायचा राहिला की यादीत त्याचं नाव राहत नाही.

यादीत नाव नसेल तर नमुना 6 भरायचा. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर. दोन्ही पुराव्यांना आधार चालतं. इथे एक अडचण हमखास येते. आधारला जोडलेला जुना मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणाला गेलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. ते नको असेल तर कागदी फॉर्म बीएलओच्या हातात द्या आणि पोच घ्या. पोच घ्या म्हणजे घ्याच, "देतो नंतर" वर विश्वास ठेवू नका.

सुटकेचा दाखला जोडू नका. फॉर्ममध्ये शिक्षेबद्दल एकही रकाना नाही. कुणी मागत नाही, आपण कशाला द्यायचा? मी तोही नेला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, आणि तहसीलातल्या माणसाने तो असा बघितला की मीच परत पिशवीत घातला.

नाव यादीत आहे पण पत्ता जुना, म्हणजे गाव सोडून इचलकरंजीला किंवा पिंपरीला कामाला राहिलात, तर नमुना 8. नमुना 6 नाही. जुन्या ठिकाणी नाव असताना नवीन ठिकाणी सहा भरला तर दोन ठिकाणी नाव होतं, आणि अर्जात खोटी माहिती दिली म्हणून एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. आपल्याला आणखी एक केस परवडणारी नाही. म्हणून परत तेच, आधी यादी बघा, मग फॉर्म ठरवा.

अर्ज दिल्यावर पडताळणीला माणूस येतो. त्या दिवसांत घरी थांबा, निदान घरच्यांना पढवून ठेवा. माझ्या वेळेला भाऊ स्वतः ओसरीवर बसून राहिला, "हितंच राहतो, आतच झोपलाय" म्हणत. झोपलो नव्हतो, पण असो. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नाही म्हणाले तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. "तुमच्यावर केस होती" हे नाव नाकारायचं कारण होऊ शकत नाही, निवडणूक गुन्ह्याचं वर सांगितलं ते सोडून.

तारखा. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की निवडणूक होईपर्यंत यादी गोठते, मग कलेक्टरही नाव घालू शकत नाही. आमच्याकडे लोकसभेला ती तारीख 19 एप्रिल होती आणि मी 7 मे रोजी यादी बघत होतो. विधानसभेला 20 नोव्हेंबरला मतदान होतं, उमेदवारीची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, आणि नोंदणीचा अर्ज 19 ऑक्टोबरच्या आत द्यायचा होता. मी जूनमध्येच दिला. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्याच्या हातात चारच दिवस होते, कारण घोषणा 15 ऑक्टोबरची.

मतदानाच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. नाव यादीत नसलं तरी आधार दाखवा आणि 49 ए खाली "चॅलेंज वोट" मागा. खोटं आहे. मी मागितलं होतं. मास्तर हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी. नाव यादीत नसेल तर त्या दिवशी कुठलंच कलम उपयोगाचं नाही.

तडीपार असाल तर हद्दीत मतदानासाठी यायची लेखी परवानगी आधी काढा, तोंडी "या की" वर जाऊ नका. चॅप्टर केसचा, म्हणजे शांतता राखण्याचा, बाँड दिला असेल तर त्याने मत अडत नाही. पण मतदानाच्या तोंडावर गावात भांडण काढून कोठडीत जाऊ नका, आत गेलात की परत 62(5).

मतदानाच्या दिवशी कार्ड न्या. कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन, फोटोचं पासबुक, जॉब कार्ड यातलं एक. रेशनकार्ड चालत नाही. मोबाइल घरी. नाव 'गैरहजर-स्थलांतरित-मयत' यादीत असलं तरी मुख्य यादीतून कटलेलं नसेल तर ओळख पटवून मत देता येतं, केंद्राध्यक्षाला भेटा, आवाज चढवू नका. शाई, बटण, बाहेर.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्यासाठी विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची घेऊन प्रभागवार फोडतात. 2025 ला ती 1 जुलैची होती. फोडताना नाव शेजारच्या प्रभागात जाऊन बसतं, त्यामुळे प्रारूप यादी लागली की तीही बघायची. हरकतीला फार दिवस देत नाहीत.

आमच्या गल्लीत मागच्या महिन्यात एक जण सुटून आला. काल चहाच्या टपरीवर विचारलं, यादी बघितलीस का? "असेल की, कार्ड आहे माझ्याकडं." आज संध्याकाळी त्याच्या घरी जातोय, माझाच मोबाइल घेऊन.