चहा सोडताय? मी केलेल्या या चुका टाळा

रविवारी रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, गरम गराडू (तळलेला कंद) खाताना मी जाहीर केलं, उद्यापासून चहा बंद. दिवसाला सहा कप पिणारा माणूस एका रात्रीत शून्यावर! सोमवारी दुपारी कपाळात ठणका सुरू झाला, मंगळवारी तो डोळ्यांपर्यंत उतरला. बुधवारी आई म्हणाली, "चहा सोडलायस की बोलणं?"

झटक्यात सोडणं, ही पहिली चूक. शरीर थकल्याचा निरोप देणाऱ्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅडेनोसिनची मेंदूतली जागा चहातलं कॅफिन अडवून बसतं. ते अचानक उठलं की अ‍ॅडेनोसिनला मोकळं रान मिळतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं. त्रास १२ ते २४ तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतो आणि २ ते ९ दिवस रेंगाळतो. तेव्हा तिसऱ्या दिवशी 'आपल्याला नाही जमत' म्हणून परत आधण ठेवू नका. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, किंवा कप तितकेच ठेवून पत्ती कमी करा. दुसऱ्यांदा मी हेच केलं. डोकं जवळजवळ दुखलंच नाही.

पण त्याआधीची फजिती सांगायलाच हवी. त्या मंगळवारी मेडिकलवरून डोकेदुखीची गोळी आणली. अर्ध्या तासात असा तरतरीत झालो की गोळीच्या प्रेमातच पडलो. रात्री स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली: पॅरासिटामॉल, आणि त्याखाली कॅफिन! चहा सोडून मी कॅफिन गिळत होतो. गोळी घ्यायचीच झाली तर साधी पॅरासिटामॉल मागा.

ग्रीन टी आणि कोला यांनाही 'चालतं' म्हणू नका, दोन्हींत कॅफिन असतं. डिकॅफ कॉफीतही थोडं उरतंच. गवती चहात मात्र चहा फक्त नावापुरता.

सगळे कप एकदम सोडवत नसतील तर आधी संध्याकाळचा सोडा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहाचा अर्धा अंमल अकराला अजून शाबूत असतो. मला पहिला फायदा झोपेतच दिसला. सकाळी पोट साफ होण्याचं गणित मात्र आठवडाभर बिघडलं होतं. कोमट पाणी आणि जरा चालणं, एवढ्यावर निभावलं.

शेवटची चूक म्हणजे चहाबरोबर चहाची वेळही सोडणं. मी चार वाजता खुर्चीतच बसून राहायचो आणि चिडचिड करायचो. आता चारला मित्रांबरोबर ऑफिसखालच्या गुमटीवर, म्हणजे चहाच्या टपरीवर, जातो. माझ्या ग्लासात आलं आणि गवती चहाचं गरम पाणी असतं. गुमटीवाला पैसे मात्र कट चहाचेच घेतो.