फ्रीज नसलेल्या पदपथवस्तीला प्रथिनयुक्त अन्न कसे पोचवावे

मुंबई-पुण्यात उड्डाणपुलाखाली, रेल्वेच्या भिंतीलगत किंवा परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर मुक्काम करणाऱ्यांच्या वाट्याला दानाचे जे अन्न येते, त्यात पुरीभाजी, मसालेभात, बिस्किटे आणि वडापाव यांचाच भरणा असतो. त्याने पोट भरते, पण हमाली किंवा कचरावेचणी करून झिजलेल्या शरीराला हवी तितकी प्रथिने मिळत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली दिलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या माणसाला सुमारे 46 ग्रॅम. एका खेपेला माणशी 15 ते 20 ग्रॅम प्रथिने पोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले, तर ते खर्चाच्या आणि कष्टाच्या दृष्टीने झेपण्यासारखे आहे.

अडचण अशी की दूध, पनीर, उसळ, मटण, मासळी हे प्रथिनांचे नेहमीचे पदार्थ ओले असतात आणि ओलाव्यातच जंतू वाढतात. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा टप्पा त्यांना फार मानवतो, आणि आपल्याकडचा उन्हाळाच काय, हिवाळ्यातली दुपारही त्याच टप्प्यात मोडते. म्हणून फ्रीजचे काम कोरडेपणाकडून करून घ्यावे, आणि जे ओले आहे ते कढत असतानाच, आपल्या डोळ्यांदेखत खाल्ले जाईल अशी व्यवस्था करावी. पुढचे सर्व टप्पे या एका सूत्रावर बेतलेले आहेत.

1. आधी रिकाम्या हाताने जाऊन यावे

काहीही शिजवण्यापूर्वी वस्तीत एकदा नुसते बोलायला जावे. संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर, एखाद्या वयस्क बाईपाशी बसून विचारले की बहुतेक माहिती मिळते. किती घरे तीन दगडांची चूल किंवा स्टोव्ह पेटवतात, पिण्याचे पाणी कुठून आणतात, अंडे कोण खाते आणि कोणत्या वारी खात नाही, श्रावण किंवा रमजान कोण पाळते, लहान मुले किती, मधुमेहाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, शेंगदाण्याने कोणाला त्रास होतो का, हे सगळे विचारून घ्यावे. दातांचीही चौकशी करावी. वर्षानुवर्षे मिश्री आणि तंबाखू लावलेल्या तोंडात फुटाणे चावण्याजोगे दात अनेकदा उरलेले नसतात, आणि अशा आजीला फुटाण्यांची पुडी देणे म्हणजे ती शेजारच्या पोराला द्यायला सांगणेच होय.

सामान कुठे ठेवतात हेही पाहावे. खाण्याची पिशवी बहुधा कुंपणाच्या जाळीला किंवा खिळ्याला उंच टांगलेली दिसेल, कारण खाली ठेवली की उंदीर-घुशी ती कुरतडतात. शिवाय अतिक्रमणविरोधी गाडी आली की जे बोचक्यात बसेल तेवढेच वाचते. त्यामुळे महिन्याचा शिधा एकदम देण्याची हौस टाळावी. एक-दोन दिवसांत संपेल एवढेच, कनवटीला किंवा पदराच्या गाठीत मावेल अशा पुड्यांत द्यावे. कुटुंबामागे घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा सुरुवातीलाच दिला तर पावसाळ्यात त्याचा फार उपयोग होतो. स्टीलचा डबा देऊ नये, तो लवकर चोरीला जातो.

2. चूल नसलेल्यांसाठी कोरडी पुडी

सर्वांत सोपी पुडी फुटाणे आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची. 50 ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे 10 ते 11 ग्रॅम आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शंभर जणांसाठी 5 किलो फुटाणे आणि 3 किलो शेंगदाणे पुरतात.

शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत. परातीत पसरून एकेक मूठ उजेडात पाहावी. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा किंवा कडवट वासाचा दाणा काढून टाकावा, कारण बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले विष भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. पोत्याच्या तळाचा स्वस्त माल दानासाठी चालेल, हा विचार इथे धोक्याचा ठरतो.

दात नसलेल्यांना पंढरपुरी डाळ्याचे पीठ गूळ घालून द्यावे. पिठात पाणी कालवून नेऊ नये. कालवले की ते कोरडे राहत नाही आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्नही त्यात येऊन मिसळतो. भाकरी मिळत असेल तिथे शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी उत्तम, फक्त तिखट बेताने घालावे.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पदपथावरच्या अनेक बायका दिवसा पाणी कमी पितात, कारण शौचालयाला पैसे पडतात आणि रात्री तिकडे जाणे सुरक्षित नसते. चणे, डाळी आणि सोयाबीन यांच्या चोथ्याला पाणी लागते, ते न मिळाल्यास पोट फुगते, शौचास खडा होतो. म्हणून पहिल्या खेपेला प्रमाण निम्मे ठेवावे, सोबत पाण्याची सोय करावी, आणि वाटपाची वेळ शक्यतो सकाळची किंवा दुपारची निवडावी.

3. लाडू

वाहतुकीला सोयीचे, दात नसलेल्यांना कुस्करून खाता येणारे आणि चार दिवस सहज टिकणारे म्हणून शेंगदाणे-डाळ्याचे लाडू मला सर्वांत भरवशाचे वाटतात. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार करावेत आणि साले पाखडून काढावीत. अर्धा किलो डाळे आणि 100 ग्रॅम तीळ किंचित गरम करून त्यांची पूड करावी. शेंगदाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत. आधी कूट दिसते, मग कडेने तेल सुटू लागते आणि कूट मुठीत दाबले की गोळा होतो, तिथे थांबावे. त्यात अर्धा किलो मऊ, किसलेला गूळ आणि पूड घालून पुन्हा एकदा फिरवावे. शेंगदाण्याचे तेल आणि गूळ यांवरच लाडू वळले जातात. फारच भुरभुरले तर दोन चमचे तूप घालावे, पण दूध किंवा पाण्याचा हबका मारू नये. ओले खोबरेही घालू नये. हात व भांडी कोरडी असावीत. एवढ्या साहित्यात 40 ग्रॅमचे सुमारे चाळीस लाडू होतात आणि एका लाडवात साधारण 6 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एका अंड्याएवढी प्रथिने असतात. मधुमेह असलेल्यांना यांऐवजी फुटाणे किंवा डाळ्याचे नुसते पीठ द्यावे.

4. चूल असलेल्यांसाठी शिधा

मुगाची डाळ, मसूर आणि सोयाबीनच्या वड्या द्याव्यात. वड्यांच्या वजनात निम्म्याहून थोडी अधिक प्रथिने असतात, त्यामुळे माणशी 15 ते 20 ग्रॅम पुरतात. तूरडाळ किंवा राजमा देण्याचा मोह आवरावा. त्या शिजायला वेळ आणि सरपण दोन्ही जास्त लागते. कच्ची अंडी फ्रीजबाहेरही सावलीत काही दिवस टिकतात, मात्र ती दुकानातच फ्रीजमध्ये ठेवलेली नसावीत, कारण बाहेर काढल्यावर कवचावर दव धरते.

5. शिजवलेले अन्न न्यायचे असल्यास

पन्नास जणांच्या खिचडीला अडीच किलो तांदूळ, अडीच किलो मूगडाळ आणि पाऊण किलो सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. माणशी वीस ग्रॅमच्या वर प्रथिने भरतात. खिचडी उकळती असतानाच झाकणाच्या उष्णतारोधक डब्यात भरावी आणि चुलीवरून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात एका तासात, वाटून संपवावी. रात्री शिजवून सकाळी गरम करून नेणे हा सर्वांत वाईट बेत होय. मोठ्या पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, भातातल्या आणि डाळीतल्या काही जंतूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात, आणि त्यांपैकी काहींनी तयार केलेले विष पुन्हा उकळल्याने जात नाही. ‘मागाहून खाईन’ म्हणणाऱ्यास खिचडी बांधून न देता लाडू द्यावा.

उकडलेल्या अंड्यालाही हाच नियम लागू आहे. चांगली दहा-बारा मिनिटे उकळावीत, तडकलेली बाजूला काढावीत, कवच न सोलता न्यावीत आणि समोर खायला सांगावे. मोड आलेली कडधान्ये कच्ची देऊ नयेत. ओलाव्यात आणि उबेत वाढलेले ते मोड जंतूंनाही तितकेच पोषक असतात.

6. लहान मुले आणि आजारी माणसे

चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हातात अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. लाडू कुस्करून द्यावा. सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी दूधभुकटी किंवा बाटली कधीही वाटू नये. अशुद्ध पाण्यात कालवलेले दूध जीवघेणे ठरू शकते, आणि शिशुदुग्धपर्यायांच्या मोफत वाटपावर 1992 च्या कायद्याने निर्बंधही आहेत. त्याऐवजी आईला दोन लाडू जास्त द्यावेत. मोठ्या मुलांसाठी टेट्रापॅकमधले दूध चालते, पण पॅक उघडल्याबरोबर संपवायला हवे. क्षयाचा रुग्ण औषधे घेत असेल, तर निक्षय पोषण योजनेतून मिळणारे पैसे त्याच्या खात्यात येतात का हे विचारावे. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम महिन्याला 1,000 रुपये झाली आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवून देऊ नयेत.

7. नोंद ठेवावी

नियमित वाटप करणाऱ्या गटाने अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली (रेशनच्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नव्हे) नोंदणी करून घ्यावी. लग्नसमारंभातले उरलेले अन्न गोळा करून वाटायचे असेल तर त्यासाठी 2019 चे स्वतंत्र नियम आहेत. वहीत प्रत्येक खेपेला काय, कुठे, किती वाजता शिजले आणि किती वाजता वाटून संपले, एवढे लिहावे. दुसऱ्या दिवशी वस्तीत कोणीतरी एक चक्कर मारावी. एकाहून अधिक जणांना उलट्या-जुलाब झाल्याचे कळले तर लगेच क्षारसंजीवनी (ओआरएस) द्यावी, लहान मूल, गरोदर बाई किंवा ग्लानी आलेला माणूस असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, वही डॉक्टरांना दाखवावी, आणि त्या खेपेचे काही उरले असल्यास फेकून न देता बंद डब्यात, चिठ्ठी लावून तपासणीसाठी वेगळे ठेवावे.