भूकंप, पानशेत, पानिपत: हे शब्द लिहिताना आणि बोलताना काय बघायचं

30 सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या भूकंपाच्या पोस्ट सुरू होतात, 12 जुलैला पानशेतच्या पुराच्या, संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या. जरूर लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांच्या आठवणी उतरवून ठेवणार असाल तर त्याहून चांगलं, पण त्याआधी थोडं थांबून बघा, कारण शब्द एकच असला तरी तो ऐकून कुणाला काय आठवेल ते माणसागणिक बदलतं.

सगळ्यात आधी नावाचं बघा. 1993 च्या त्या भूकंपाला बाहेरचे सर्रास लातूरचा भूकंप म्हणतात, पण लातूर शहर किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. बरं, किल्लारीचा भूकंप म्हटलं तरी सगळं येत नाही, कारण धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूरही त्याच पहाटे पडलं, आणि तिथल्या माणसाचं गाव या दोन्ही नावांत कुठेच नाही. म्हणून समोरच्याचं गाव आधी विचारा आणि बोलताना त्याच गावाचं नाव घ्या. त्या भागातले लोक तर नुसतं 'भूकंप' म्हणतात, कुठला ते सांगावं लागत नाही, लग्न भूकंपाच्या आधीचं, पोरगं भूकंपानंतरचं, असा हिशोब असतो.

आता 'भूकंपग्रस्त' हा शब्द घ्या, मला यात सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं. सरकारी भरतीत भूकंपग्रस्तांसाठी 2 टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे पुण्यात रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या नातवासाठी भूकंपग्रस्त म्हणजे एक सर्टिफिकेट, फॉर्मवरचा एक रकाना. आजीसाठी ती विसर्जनानंतरची रात्र, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सगळं खाली आलं. आणि शेजारच्या टेबलावर अभ्यास करणाऱ्या तिसऱ्याच पोराला हा शब्द ऐकून फक्त एक जागा कमी झाल्यासारखं वाटतं. तिघांपैकी कुणीच खोटं नाही. पण आजीशी बोलताना तुम्ही रकान्यातला शब्द वापरलात, 'आजी तुम्ही भूकंपग्रस्त ना?' असं, तर बोलणं तिथेच कागदपत्रांवर जातं, तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात असं त्यांना वाटू शकतं. त्यापेक्षा 'जुन्या गावात घर कुठे होतं तुमचं?' असं विचारा. मारुतीच्या देवळाजवळ, विहिरीच्या अंगाला, असं करत करत माणूस आपसूक बोलायला लागतो. किती गेले हे आपण विचारायचं नाही, सांगायचं असेल तर ते सांगतील. आणि विषय बदलला त्यांनी तर आपणही बदलायचा, पुन्हा ओढून आणायचा नाही.

माळवदाचंही, म्हणजे घरावरच्या मातीच्या सपाट छपराचंही, तसंच. शहरातल्या माणसाला माळवदाचं घर म्हणजे थंडगार, जुन्या वळणाचं, फोटो काढावा असं. पण किल्लारीच्या भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं, इतकी माणसं जायचं ते मोठं कारण. तेव्हा तिथल्या माणसासमोर त्याचं कौतुक जपून करा.

पानशेतचं वेगळंच आहे. आज कॉलेजच्या पोरांना पानशेत म्हणजे बोटिंग आणि कणीस. सत्तरी ओलांडलेल्या पुणेकराला पानशेत म्हणजे 12 जुलै 1961, धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आणि धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं पानशेत त्याच्याही आधी सुरू होतं, ते मात्र पुण्याच्या आठवणींमध्ये फारसं कुणी लिहीत नाही, मला हे फार खटकतं. गोखलेनगर, सहकारनगरकडे पूरग्रस्त म्हणून जागा मिळालेल्यांची पुढची पिढी आता राहते, 'पूरग्रस्त' हा शब्द पत्त्यात उरलाय. तुम्ही यातल्या कुणाबद्दल लिहिताय ते पहिल्या दोन ओळींत स्पष्ट करा, म्हणजे वाचणारा चुकीच्या पानशेतात जाणार नाही.

मथळ्यातले 'राजकीय भूकंप' आणि 'मतांची त्सुनामी' माझ्या मते सरळ सोडून द्या, खळबळ, उलथापालथ, मोठा विजय असे शब्द आहेत की. पानिपतबद्दल मी इतकं कडक म्हणणार नाही, 1761 ला पिढ्या उलटल्या आणि 'पानिपत झालं' हे मराठीत मुरलंय. पण हरियाणातल्या रोड मराठा लोकांशी, म्हणजे स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानणाऱ्यांशी, बोलताना ते टाळा, ते 14 जानेवारीला काला आंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, जमतात ते शौर्य दिवस म्हणून, तिथे पानिपत म्हणजे नुसता पराभव नाही.

बाकी छोट्या गोष्टी: 'स्मृतिदिन साजरा' लिहू नका, 'पाळला' लिहा. 'मृत', 'बळी' हे बातमीचे शब्द, घरचे 'गेले' म्हणतात, तुम्हीही तेच लिहा. ढिगाऱ्याचा फोटो टाकताना त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही ना ते झूम करून बघा, ते कुणाचंतरी माणूस असतं.

लिहून झालं की त्या गावच्या एखाद्या माणसाला आधी वाचायला द्या, आणि त्याने एखादी ओळ काढ म्हटलं तर कारण न विचारता काढा. हे आठवडाभर आधी करा, कारण 30 सप्टेंबरला सकाळी ती माणसं स्मृतिस्तंभापाशी असतात.