मराठी गेमसाठी इंजिन निवडताय? आधी चार शब्द टाइप करून बघा

नव्या लोकांचे महिने रॉयल्टीवर वाद घालण्यात जातात. गोडो, अनरियल, युनिटी ही गेम बनवायची तीन इंजिनं; त्यांचा हिशोब दोन ओळींचा आहे. गोडो एमआयटी लायसन्सचं, पूर्ण फुकट. अनरियल दहा लाख डॉलरच्या पुढच्या कमाईवर ५ टक्के घेतं. युनिटी पर्सनल वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत फुकट. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेली इन्स्टॉलमागची फी त्यांनी वर्षभराने रद्द केली. पहिल्याच गेमने या मर्यादा ओलांडल्या तर पेढे वाटा.

खरी गोची देवनागरीची. पहिल्याच दिवशी एका लेबलमध्ये ‘विद्यार्थी, स्त्री, दुसऱ्या, किल्ला’ एवढं टाका. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (टीएमपी) ‘किल्ला’ची वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘विद्यार्थी’तला रफार सुटा पडतो, पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, मग वेलांटी. तिला डावीकडे आणणं आणि जोडाक्षराचा आकार फॉन्टमधून उचलणं हे शेपिंगचं काम, आणि टीएमपी ते करत नाही. अॅटलासमध्ये, म्हणजे फॉन्टच्या अक्षरचित्रांच्या साठ्यात, अख्खी देवनागरी रेंज भरलीत तरी फरक शून्य, कारण ‘द्य’ला स्वतःचा युनिकोड क्रमांकच नसतो.

मग कुणीतरी मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करायचा जुगाड सांगतं. नका करू. संवाद नीट दिसतात, पण खेळाडूने स्वतःचं नाव टाइप केलं की ते युनिकोडमध्ये येतं आणि पितळ उघडं. युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमध्ये (बटणं, मेनू बनवायची नवी पद्धत) शेपिंग करणारा अॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर आहे. मात्र टीएमपीवर उभा केलेला यूआय आपोआप तिकडे जात नाही.

युनिटीत हात बसलाय आणि मजकूर फक्त दहाबारा बटणांवर आहे? मग घाबरू नका, इंजिनही बदलू नका. बटणांची पीएनजी चित्रं करा आणि पुढे चला.

संवाद भरपूर असतील तर सरळ गोडो ४. त्यात शेपिंग करणारी हार्फबझ लायब्ररी आहे, मराठी जशीच्या तशी उमटते. ‘अनरियलच शिक’ सांगणाऱ्या दादाचं नोकरीपुरतं ऐका. एकट्याने करायच्या २डी गेमसाठी ते धूड कशाला? कोड मात्र गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेतच लिहा, कारण सी-शार्पचा प्रोजेक्ट ४.४ पर्यंत तरी वेबवर एक्स्पोर्ट होत नाही.

गोडोतही दोन ठिकाणी फसायला होतं. डेस्कटॉपवर मराठी दिसते ती कधीकधी सिस्टीमच्या फॉन्टच्या जिवावर. वेब बिल्डला तो आधार नाही, तिथे नुसते चौकोन येतात. म्हणून ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ हा फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका आणि थीमचा डीफॉल्ट फॉन्ट म्हणून लावा. दुसरं, संवाद अक्षरागणिक उमटवताना ‘स्त्री’ आधी ‘स’, मग ‘स्’, मग ‘स्त’ अशी रूपं बदलत थरथरते. लेबलच्या व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियरमध्ये ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ निवडलं की ते थांबतं.