फ्रेमवर्क निवडण्याआधीची तयारी: हळदीच्या सौद्याचा एक फलक

सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी दर रविवारी सकाळी सात-आठ मुलं शिकायला येतात. कुणी डिप्लोमाचं, कुणी बीसीएचं, एक-दोघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. दिवाळी झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला: "ताई, रिॲक्ट घेऊ, अँग्युलर घेऊ की व्ह्यू?" ही तिन्ही फ्रेमवर्क, म्हणजे वेबची पानं बनवायच्या तयार चौकटी. प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढचं वर्ष-सहा महिने त्या एका गोष्टीत जाणार असतात. म्हणून ठरवण्याआधी हाताशी काय काय असावं, ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सर्वांत आधी जावास्क्रिप्ट, ज्या भाषेवर ही फ्रेमवर्क उभी आहेत ती. व्हिडिओ पाहून झालेली जावास्क्रिप्ट मी धरत नाही. कोरी फाइल उघडा, हळदीच्या दहा लॉटांची यादी लिहा: लॉट क्रमांक, गाव, पोती, वजन, क्विंटलचा दर. त्यातून फक्त तासगावचे लॉट काढा, एकूण वजन काढा, दराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. फिल्टर, मॅप, रिड्यूस, सॉर्ट या यादीवरच्या आज्ञा, सगळं कुठेही न बघता. हे जमलं की तीच यादी फेचने (माहिती मागवून आणायची आज्ञा) एखाद्या फाइलमधून आणा आणि नेट बंद असताना पानावर काय दिसेल तेही लिहा. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा: जुनी यादी दुसऱ्या नावात ठेवली आणि त्या नावाने एक लॉट वाढवला, तर पहिली यादी का बदलते? याचं उत्तर ज्याला येत नाही तो रिॲक्टच्या पहिल्याच आठवड्यात अडकतो. तिथे जुन्याच यादीत पुश करून (शेवटी भर घालून) तीच यादी परत दिली की रिॲक्ट तुलना करतं, त्याला तीच वस्तू दिसते आणि पडदा हलत नाही. नवी यादी बनवून द्यावी लागते. व्ह्यूमध्ये तोच पुश चालतो, कारण व्ह्यू ३ तुमच्या यादीभोवती प्रॉक्सी, म्हणजे एक पहारेकरी, घालून प्रत्येक बदलावर लक्ष ठेवतं. जावास्क्रिप्ट कच्ची असेल तर हा फरक तुम्हाला जादू वाटेल, आणि जादू दुरुस्त करता येत नाही.

एचटीएमएलमध्ये तक्ता, फॉर्म आणि प्रत्येक पेटीचं लेबल, सीएसएसमध्ये फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धती, आणि गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करून, म्हणजे आवृत्ती नोंदवून, मागे जाता येणं. एवढं पुरे.

मशीनचंही बघून ठेवा. आठ जीबी रॅम असेल तर एडिटर, ब्राउझर आणि डेव्ह सर्व्हर (बनवत असलेलं पान आपल्याच मशीनवर दाखवणारा प्रोग्राम) एकत्र सुखाने चालतात; चार जीबीवर काम होतं, पण ब्राउझरचे टॅब मोजून उघडावे लागतात. नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार असलेली, असं लिहिलेली आवृत्ती घ्या. पॅकेजेस (इतरांनी लिहिलेले तयार कोड) उतरवून घ्यायला पहिल्यांदा चांगलं नेट लागतं, तेवढं कॉलेजमध्ये किंवा मित्राकडे उरकून या. एकदा उतरली की नेट नसलं तरी घरी काम चालू राहतं.

आता नोकरीकडे. आपल्याकडची बहुतेक मुलं शेवटी पुण्याची गाडी पकडतात, म्हणून पुण्याच्या फ्रेशर्ससाठीच्या वीस जाहिराती स्वतः वाचून वहीत उतरवा आणि कशाचं नाव किती वेळा येतं ते मोजा. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत रिॲक्ट वापरणारे सुमारे ४० टक्के होते, अँग्युलरचे १७ आणि व्ह्यूचे १५ च्या आसपास. पण ते आकडे जगाचे आहेत. तुमच्या वहीतले वीस तुमचे आहेत. बँका, विमा अशा मोठ्या कामांच्या जाहिरातींत अँग्युलर आणि टाइपस्क्रिप्ट (माहितीचे प्रकार आधी सांगायला लावणारी जावास्क्रिप्ट) दिसलं तर नवल नाही. राउटर (एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), फॉर्म, सर्व्हरशी बोलणं हे सगळं अँग्युलरमध्ये एकाच घरातून मिळतं, आणि मोठ्या टीमला ती शिस्त आवडते. रिॲक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवतं. बाकीचं सामान तुम्ही निवडून आणायचं.

त्याच वहीत शेजारच्या पानावर नावं लिहा: अडलं तर रात्री नऊ वाजता कुणाला फोन करता येईल? सातारला असलेला मामेभाऊ, कॉलेजची सीनियर, कुणीही. तो माणूस अँग्युलरमध्ये काम करत असेल तर मी डोळे झाकून अँग्युलर घ्यायला सांगते. शिकताना बाजूला बसणारा माणूस लाख मोलाचा असतो.

धडे कुठले घेणार तेही आधी ठरवा, आणि त्यांची तारीख बघा. २०१० साली आलेलं अँग्युलरजेएस आणि २०१६ पासूनचं अँग्युलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा अधिकृत आधार २०२१ संपताना थांबला. व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. रिॲक्टमध्ये हुक्स (कोड साध्या फंक्शनमध्ये लिहू देणारी सोय) फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, त्यामुळे जुन्या क्लास पद्धतीने सुरू होणारा धडा बहुधा त्याआधीचा. धडा क्रिएट रिॲक्ट ॲपने (प्रकल्पाचा सांगाडा बनवून देणारं साधन) प्रकल्प सुरू करायला सांगत असेल तर तोही सोडा. रिॲक्टच्याच टीमने ते २०२५ मध्ये निवृत्त केलं. या सगळ्यांच्या अधिकृत साइटवरचे धडे मोफत आहेत आणि चांगले आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आपण रविवारी एकत्र वाचू.

एवढी तयारी झाली की खरी परीक्षा. दोन फ्रेमवर्क निवडा आणि दोन्हींत एकच वस्तू बनवा: हळदीच्या सौद्याचा फलक. मार्केट यार्डात सौदा बघितलेला असतोच, त्यामुळे काय हवं ते कुणाला विचारायला नको. लॉटांचा तक्ता, वर गाव आणि प्रत निवडायच्या पेट्या (राजापुरी, हळकुंड, गड्डा), नवा लॉट घालायचा फॉर्म, खाली दिसत असलेल्या लॉटांचं एकूण वजन. प्रत्येकाला दोन रविवार, जास्त नाही.

बनवताना दोन जागी थांबून बघा. पहिली जागा एकूण वजनाची. नवखी मुलं ते वेगळं साठवतात, मग लॉट वाढला की बेरीज मागे राहते. साठवायची फक्त यादी. बेरीज तिच्यातून निघाली पाहिजे. रिॲक्टमध्ये ती कंपोनंटमध्ये (पानाचा एक तुकडा) सरळ मोजायची, व्ह्यू आणि अँग्युलरमध्ये कंप्युटेड, स्वेल्ट ५ या चौथ्या फ्रेमवर्कमध्ये डिराइव्ह्ड. चौघांचं म्हणणं एकच आहे, आणि ते एकदा कळलं की चौघांपैकी कुणीही परकं राहत नाही. दुसरी जागा ओळींच्या कीची, म्हणजे फ्रेमवर्क ज्यावरून प्रत्येक ओळ ओळखतं त्या खुणेची. की म्हणून लॉट क्रमांक द्या, ओळीचा अनुक्रमांक देऊ नका. प्रत्येक ओळीत शेरा लिहायची पेटी ठेवा, पहिला लॉट पुसा आणि बघा: अनुक्रमांक दिला असेल तर त्याचा शेरा दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतो. खऱ्या सौद्यात असं झालं तर कुणाचे तरी पैसे चुकतील.

चार रविवार संपल्यावर दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचा. कुठला वाचताना अडखळलात, कुठली चूक स्वतःची स्वतःला सापडली, ते वहीत लिहा. जाहिराती आणि शेजारचा माणूस दोन्ही एकाच बाजूला असतील तर ठरलंच. नसतील आणि कौल मागितलात, तर आपल्याकडच्या बहुतेकांना मी रिॲक्ट सांगेन, तीन महिन्यांनी टाइपस्क्रिप्टसह. घरच्या दुकानासाठी किंवा ओळखीच्यांची छोटी कामं घेण्यासाठी शिकत असाल तर व्ह्यू हाताला लवकर बसतं. आणि कुणाला क्लासची चार पानांची माहिती टाकायची असेल, तर कुठलंच फ्रेमवर्क न घेता साधं एचटीएमएल लिहा.

निवडलेला फलक गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवायची सोय) मोफत चढवता येतो. वीट (Vite, प्रकल्प चालवायचं आणि बांधायचं साधन) वापरत असाल तर सेटिंगमध्ये बेसच्या जागी रेपोचं (गिटहबवरच्या तुमच्या प्रकल्पाच्या जागेचं) नाव घाला, नाहीतर पान कोरं दिसेल. मग यार्डात ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या मोबाइलवर तो उघडून द्या आणि नुसते उभे राहा. गावाची पेटी त्यांना सापडते का, उन्हात दर वाचता येतो का, फॉर्ममध्ये बोट कुठे अडतं, एवढं लिहून आणा. पुढच्या रविवारी तिथून सुरू करू.