काळपट दातांवर व्हेनिअर: खालचा रंग आधी उतरवा

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. एवढ्या थरातून खालचा गडद रंग डोकावतोच. म्हणून डाग कशाचा आहे, हे आधी ठरवायचं.

चहा, तंबाखू, मशेरीचे डाग वरवरचे. ते स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात, त्यासाठी दात तासायची गरज नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. सौम्य असतील तर तिथेही वरचा थर हलकेच घासून काढणाऱ्या मायक्रोअ‍ॅब्रेजनवर भागू शकतं. एकटाच दात काळवंडला असेल तर बहुधा मार लागून त्याची नस मेलेली असते. एक्स-रे काढा, नस मेलीच असेल तर रूट कॅनाल आणि मग आतून ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने रंग उतरवणं. सगळ्यात हट्टी रंग लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा, राखाडी पट्ट्यांचा.

ब्लीचिंग केलं तर पुढे किमान दोन आठवडे थांबा. दातात उरलेला ऑक्सिजन व्हेनिअर चिकटवायचं सिमेंट नीट घट्ट होऊ देत नाही, आणि शेडही, म्हणजे दाताची रंगछटाही, तेवढ्या काळात स्थिरावते.

शेड भेटीच्या सुरुवातीलाच, दात ओले असताना, दिवसाच्या उजेडात बघायची. तोंड उघडं ठेवून दात सुकले की ते खऱ्याहून पांढरे दिसतात. तासल्यानंतर उघड्या पडलेल्या दाताची शेड आणि फोटोही लॅबला गेलाच पाहिजे. हीच पायरी अनेकदा गाळली जाते, आणि मग व्हेनिअर तोंडात बसवल्यावर राखाडी दिसतं.

व्हेनिअरला जागा करण्यासाठी तासणं फिक्या दातात ०.३ ते ०.५ मिलिमीटर, गडद दातात ०.७ किंवा थोडं जास्त. त्यापुढे जाऊ देऊ नका: एनॅमलवरची, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या थरावरची, पकड सर्वांत भक्कम, त्याखालच्या मऊ डेंटिनवरची कच्ची. हिरडीजवळ तर एनॅमल मुळातच पातळ असतं. तासलेलं एनॅमल परत येत नाही, त्यामुळे आधी दातांवर तात्पुरता मॉक-अप (होणाऱ्या व्हेनिअरचा नमुना) लावून आरशात बघा, बोलून बघा.

चिकटवण्याआधी सिमेंटच्याच रंगाच्या, धुऊन निघणाऱ्या ट्राय-इन पेस्टने रंग तपासतात. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकच्या व्हेनिअरला आतून ५ टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड २० सेकंद, मग सिमेंटची पकड वाढवणारं सायलेन. हे काम तोंडाबाहेरच. दाताला ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड. फ्लोरोसिसच्या दाताला ते जास्त वेळ ठेवावं लागतं, कारण त्याचा वरचा थर अ‍ॅसिडला सहज दाद देत नाही. सिमेंट लाइट-क्युअर, म्हणजे फक्त प्रकाशाने घट्ट होणारं, घ्यावं. प्रकाश आणि रसायन दोन्हींनी घट्ट होणारं ड्युअल-क्युअर काळाने पिवळसर पडू शकतं. हिरडीतून रक्त येत असेल तर त्या दिवशी चिकटवू नये.

रात्री दात खाणाऱ्यांनी झोपताना दातांवर बसवायचा नाइट गार्ड लावलाच पाहिजे. व्हेनिअर निघालंच तर घरी फेविक्विकने चिकटवू नका, डबीत घालून तसंच आणा. सिमेंट दातावर राहिलं असेल तर सिरॅमिकच्या बाजूची तयारी कमी पडली. व्हेनिअरला चिकटून आलं असेल तर दाताच्या बाजूची.