रेकॉर्डरवरचे ट्रॅक कॉम्प्युटरवर घेताय? या चुका टाळा

गाण्याच्या बैठकीचं लाइव्ह रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करू नये, हार्डवेअर मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर (प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घेणाऱ्या यंत्रावर) करावं, या मताचा मी आहे. लॅपटॉप ऐन विलंबितात अपडेट मागतो, पंखा घरघरतो, यूएसबीची वायर कुणाच्या तरी पायात येते. झूमचा आर-१६, टॅसकॅमचा डीपी-२४ किंवा कार्डावर रेकॉर्ड करणारा एखादा मिक्सर यांना असले चाळे नाहीत. एडिटिंग मात्र कॉम्प्युटरवरच करावं. रेकॉर्डरच्या बोटभर पडद्यावर कापाकापी करण्यात डोळे जातात आणि हाती काही लागत नाही.

म्हणजे ट्रॅक इकडून तिकडे न्यावे लागणारच, आणि घोळ होतो तो इथे. "रेकॉर्डर बिघडलाय" किंवा "सॉफ्टवेअर भंकस आहे" अशा बहुतेक तक्रारी खणल्या की खाली वेळेचा हिशोब चुकलेला निघतो. खालचं सगळं एक साधी बैठक समोर ठेवून लिहितोय: गायकाचा एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्याला एक आणि सभागृहासाठी स्टिरिओ जोडी. एकूण सात ट्रॅक.

सॅम्पल रेट गृहीत धरणं

सॅम्पल रेट म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर, कॉम्प्युटरवरचा प्रोजेक्ट ४४.१ वर. रीपर किंवा ऑडॅसिटी ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वाजवताना स्वतःच हिशोब जुळवतात. पण काही सॉफ्टवेअर फाइल आत घेताना विचारतात, "रूपांतर करू का?" घाईत आपण नाही म्हणतो. मग ४८ ची फाइल ४४.१ च्या गतीने वाजते: ६० मिनिटांचा राग ६५ मिनिटं १८ सेकंदांचा होतो आणि सूर पेटीच्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) जवळजवळ दीड पट्टीने खाली उतरतो.

हे कानाला लगेच कळेल असं वाटतं, पण कळत नाही, कारण तानपुरा, पेटी, तबला सगळं एकदमच उतरतं. ऐकणारा एवढंच म्हणतो, "आज आवाज जरा जड लागलाय." खात्री करायची तर पेटी काढा. गायक काळी एकमध्ये गायला असेल तर बिघडलेल्या फाइलमधला सा पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध येतो, आणि तिथे पेटीला सूरच नाही. सा दोन सुरांच्या फटीत पडला की आधी सॅम्पल रेट बघा, गायकाला दोष नंतर द्या.

सोबत व्हिडिओ असेल तर सगळीकडे ४८ ठेवा, कॅमेरेही तोच रेट वापरतात. नुसतं ऐकण्यासाठी असेल तर ४४.१ ला हरकत नाही. पण काय ते रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा आणि प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम म्हणून तोच आकडा घाला. कॉम्प्युटरवरून ट्रॅक परत रेकॉर्डरवर न्यायचे असतील तर जास्तच जपा. बरेच रेकॉर्डर वेगळ्या रेटची किंवा वेगळ्या बिटची (प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहिलीय, १६ की २४) फाइल घेतच नाहीत. यादीत ती दिसतसुद्धा नाही आणि माणूस कार्डाला शिव्या देत बसतो.

दोन घड्याळं, दोन वेळा

रेकॉर्डरवर सात ट्रॅक घेतले आणि शेजारी एका हातातल्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यावर वेगळा आवाज घेतला. घरी आल्यावर दोन्ही सुरुवातीला जुळवले, छान बसले. तासाभराने मात्र तबला दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो.

दोन्हीकडे ४८ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक यंत्राचा क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ (क्लॉक) चालवणारा स्फटिक, वेगळा असतो. दहा लाखांत २० चा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्याने तासाला ७२ मिलिसेकंद सरकतात आणि अडीच तासांच्या बैठकीत १८०. द्रुत तीनतालात एवढ्या फरकाने तिहाईची पार वाट लागते.

यासाठी टाळी वाजवा, सुरुवातीला एक आणि शेवटी एक. शेवटची टाळी सगळेच विसरतात, आणि तिच्याशिवाय फरक मोजायचा कुठून? सुरुवात जुळवून शेवट किती सरकला ते पाहा आणि तेवढ्या प्रमाणात दुय्यम फाइलची गती बदला. इथे एक बारकावा आहे: गती बदलताना 'सूर कायम ठेवा' हा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला की सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पुन्हा शिवतं, आणि तबल्याच्या चाटीवर ती शिवण ऐकू येते. तो बंद ठेवला तर सूर बदलतो, पण दहा लाखांत २० एवढाच. तो फरक कुणाच्याही कानाला पकडता येणार नाही.

रेकॉर्डर आणि कॉम्प्युटरचा इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारं खोकं) ऑप्टिकल वायरने थेट जोडला असेल तर त्रास वेगळा होतो. मध्येमध्ये 'टिक-टिक', 'चट-चट' ऐकू येतं आणि लोक वायर बदलत सुटतात. बहुधा दोन्ही यंत्रांचं क्लॉक 'इंटर्नल'वर असतं. एकाला इंटर्नल ठेवा आणि दुसऱ्याला ऑप्टिकलवरून क्लॉक घ्यायला लावा. चट-चट थांबते. एडॅट पद्धतीच्या एका ऑप्टिकल वायरवर ४८ ला आठ चॅनेल जातात, पण ९६ ला चारच. रेट वाढवल्यावर निम्मे ट्रॅक गायब झाले तर कारण हेच.

फाइल तुटलेली नाही, भरलेली आहे

साध्या वेव्ह फाइलची हद्द ४ जीबी. काही यंत्रं २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. प्रत्येक ट्रॅकची वेगळी मोनो फाइल असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ४ जीबी भरायला आठ तासांहून जास्त लागतात, म्हणजे ही हद्द कधी समोरच येत नाही. पण आठ चॅनेल एकाच फाइलमध्ये जात असतील तर ती साधारण ६२ मिनिटांत भरते. बेरिंजरच्या एक्स-३२ मिक्सरमध्ये एक्स-लाइव्ह कार्ड असेल तर ३२ चॅनेल ३२ बिटमध्ये एकाच फाइलमध्ये उतरतात, त्यामुळे साडेअकरा मिनिटांच्या आसपास पुढची फाइल सुरू होते.

तुकडे एकाला एक चिकटवायचे, मध्ये फट नको आणि एकमेकांवर चढवणंही नको. तुकड्याच्या कडेला सॉफ्टवेअरने आपोआप फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) लावलाय का तेही बघा. लावला असेल तर जोडाच्या जागी तानपुऱ्यात बारीकसा खड्डा पडतो. हेडफोनवर तो नक्की कळतो.

नावांचाही गोंधळ होतो. झूमच्या आर-१६ वर फाइलला 'मोनो-०००', 'मोनो-००१' अशी नावं मिळतात. ट्रॅक तीनवर दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं तर नवी फाइल पुढचा आकडा घेते, म्हणजे नावातला आकडा हा ट्रॅकचा आकडा नव्हे. कॉपी केल्यावर एकेक ऐकून 'गायक', 'दायाँ', 'डग्गा' अशी नावं द्या, पण कॉम्प्युटरवरच्या प्रतीत. कार्डावर नावं बदलली की रेकॉर्डरला स्वतःचाच प्रोजेक्ट सापडत नाही.

टॅसकॅमच्या डीपी-२४ आणि डीपी-३२ मध्ये कार्डाचे दोन भाग असतात, एक मल्टिट्रॅकचा आणि एक कॉम्प्युटरला दिसणारा. 'कार्ड रिकामंच दिसतंय' म्हणून घाबरू नका. ट्रॅक आधी रेकॉर्डरवरच एक्सपोर्ट करावे लागतात.

एकटा ट्रॅक हलवणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गायकाने मध्ये घसा खाकरला म्हणून फक्त गायकाच्या ट्रॅकमधून दोन सेकंद कापले आणि पुढचं मागे ओढलं. पुढचं सगळं गाणं आता तबल्याच्या दोन सेकंद आधी धावतंय. एवढं तर कुणालाही कळतं. पण फरक काही मिलिसेकंदांचा असला की कळत नाही, फक्त आवाज पोकळ होतो. गायकाच्या माइकमध्ये तबला येतोच, पेटी येतेच. तोच तबला दोन ट्रॅकवर वेगवेगळ्या वेळी पडला की काही कंपनं एकमेकांना खातात.

म्हणून प्रोजेक्टमध्ये आणल्या आणल्या सातही ट्रॅक गटात बांधा. रीपरमध्ये सगळे निवडून 'जी' दाबलं की झालं. कापायचं तर सगळे एकत्र कापा. खाकरणं घालवायचं असेल तर त्या ट्रॅकचा आवाज तेवढ्यापुरता खाली घ्या, लांबीला हात लावू नका.

'स्नॅप' आधी बंद करा. नवीन प्रोजेक्ट बहुधा १२० च्या टेम्पोवर उघडतो आणि ओढलेला तुकडा त्याच्या चौकटीत जाऊन बसतो. विलंबित एकतालाचा त्या चौकटीशी काय संबंध? एबलटन लाइव्हवर तर आणखी सावध राहा. मोठी फाइल आत आली की टेम्पोचा अंदाज बांधून ती ताणण्याची सोय तिथे मुळात चालूच असते. नाचाच्या ट्रॅकला ती उपयोगी असेल, ख्यालाला नाही. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

सभागृहाची जोडी 'मागे पडते' म्हणून ती पुढे ओढण्याचा मोह अनेकांना होतो. आवाजाला एक मीटर यायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा मीटरवरची जोडी २९ मिलिसेकंद मागे असणारच. तो उशीर म्हणजेच सभागृह. मी तरी तो तसाच ठेवतो.

एमपी-थ्रीवर गाऊन घेणं

मिक्स एमपी-थ्री करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं, समोरच्याने ते रेकॉर्डरवर वाजवून वर गायलं आणि ट्रॅक परत पाठवला. बसवायला जावं तर लयीत पक्का गाणारा माणूस सतत किंचित मागे. एमपी-थ्री करताना आणि उघडताना सुरुवातीला रिकामी जागा भरली जाते. लेम या एमपी-थ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेल्या फाइलमध्ये ती सहसा ११०५ सॅम्पलची असते, म्हणजे ४४.१ ला २५ मिलिसेकंद. काही प्लेयर ती कापतात, काही कापत नाहीत. वेव्ह पाठवा, सुरुवातीला चार टिचक्या ठेवा आणि परत येणाऱ्या फाइलमध्ये त्या टिचक्याही मागवा.

कार्ड

लेव्हलबद्दल थोडक्यात: २४ बिटमध्ये शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी पुष्कळ. तबल्याची थाप फाटली की कॉम्प्युटरवर ती खरी दुरुस्त होत नाही.

कार्ड फॉरमॅट करायचं ते रेकॉर्डरमध्ये, कॉम्प्युटरवर नाही. थेट कार्डावरून एडिटिंग नको. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

आणि रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर? फाइल मोठी दिसते पण उघडत नाही, कारण शेवटी तिच्या माथ्यावर लांबी लिहायची राहून गेली. आवाज बहुधा आत शाबूत असतो. ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' इम्पोर्ट करा: साइन्ड २४-बिट पीसीएम, लिटल-एन्डियन, चॅनेल आणि रेट रेकॉर्डरवर होते तेच. नुसता खरखराट आला तर सुरुवातीचा ऑफसेट (फाइल कुठून वाचायची ती जागा) एक बाइटने वाढवा, मग दोनने. २४ बिटचा प्रत्येक आकडा तीन बाइटचा असल्यामुळे तिन्हींपैकी एका जागी गाणं सापडतं.

फाइल शून्य बाइटची दिसत असेल तर कार्डावर काहीही लिहू नका. आधी पूर्ण कार्डाची इमेज (हुबेहूब प्रत) काढा आणि हरवलेल्या फाइल शोधणारं फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवा. त्यानंतरच कार्ड त्याच रेकॉर्डरमध्ये घालून पाहा, काही यंत्रं चालू होताना अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करतात. सात मोनो फाइल एकाच वेळी लिहिल्या जात असतील तर त्यांचे तुकडे कार्डावर एकमेकांत गुंतलेले असू शकतात आणि ते सोडवणं जिकिरीचं होतं. त्यामुळे अॅडॅप्टर लावला तरी रेकॉर्डरमध्ये ताज्या बॅटऱ्या घालूनच बसा, आणि मध्यंतरात एकदा रेकॉर्डिंग थांबवून नवी फाइल सुरू करा.